गेम हँग होतोय? रॅम घेण्याआधी ‘कमिटेड’चा आकडा बघा

सोलापुरात कुणालाही ‘पीसीवर गेम लॅग मारतोय’ म्हणून सांगा, सल्ला ठरलेला असतो: रॅम वाढव. पैसे जातात आणि गेम पुन्हा तिथेच अडकतो. रॅम सगळ्यात शेवटी घ्यायची.

१. लॅग कुठला ते आधी ठरवा. समोरचे खेळाडू उड्या मारत सरकतात, पण तुम्ही माऊस फिरवला की चित्र सुरळीत फिरतं, तर दोष इंटरनेटचा. वायफाय सोडा, राउटरची केबल थेट लावा. चित्रच अडखळत असेल किंवा गेम आपोआप बंद पडत असेल, तर पुढे वाचा.

२. रॅम क्लीनर, गेम बूस्टर असलं जे काही असेल ते काढून टाका. हे प्रोग्रॅम चालू कामाचा डेटा रॅममधून बाहेर ढकलतात, गेमला तो लगेच परत लागतो आणि तेवढ्यात चित्र थबकतं.

३. आता खरी अवघड जागा. १६ जीबी रॅम, त्यातली ३ जीबी रिकामी दिसतेय, तरी ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून गेम बंद. हे कोडं मलाही बरेच दिवस सुटत नव्हतं. सगळे ‘इन यूज’चा आकडा बघत बसतात, बघायचा असतो ‘कमिटेड’.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल; त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. कमिटेडखाली १५.१/१६.९ असे दोन आकडे दिसतील. पहिला म्हणजे सगळ्या प्रोग्रॅम्सनी मिळून मागून ठेवलेली मेमरी. दुसरा म्हणजे विंडोज जास्तीत जास्त देऊ शकेल ती, म्हणजे रॅम अधिक पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल). गेम मेमरी आधीच मागून ठेवतात, सगळी वापरतातच असं नाही. म्हणून पहिला आकडा दुसऱ्याला भिडला की रॅम रिकामी असूनही विंडोज नवी मागणी नाकारतं आणि गेम कोसळतो.

‘पेजफाइल बंद करा, स्पीड वाढेल’ असं सांगणाऱ्या व्हिडिओंचा मला म्हणूनच संताप येतो. पेजफाइल बंद केली की दुसरा आकडाच खाली येतो. ती बंद करू नका. स्टार्टमध्ये ‘अॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज’ शोधा, परफॉर्मन्सच्या सेटिंग्जमध्ये जा, अॅडव्हान्स्ड टॅबवर व्हर्च्युअल मेमरीचं ‘चेंज’ दाबा, सगळ्यात वरच्या ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ला टिक करा आणि रीस्टार्ट. सी ड्राइव्हवर २०-२५ जीबी मोकळी ठेवा, नाहीतर पेजफाइल वाढणार कुठे? सी ड्राइव्ह एसएसडी असावा. साध्या हार्ड डिस्कवर गेम बंद पडणार नाही, पण झटके बसतील.

मग अर्धा तास खेळून पुन्हा बघा. लॉबीत परत आल्यावरही पहिला आकडा उतरत नाही, प्रत्येक मॅचला चढतच जातो? मग कुठलातरी प्रोग्रॅम मेमरी गिळतोय. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘कमिट साइज’चा कॉलम घ्या, चोर सापडेल. गेमच चोर असेल तर तो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. तोवर दोन-तीन मॅचनंतर गेम बंद करून पुन्हा उघडा. इथे नवी रॅम घेतलीत तर तीही गिळली जाईल.

४. सुरुवातीला सुसाट, थोड्या वेळाने मंद, आणि कमिटेड मात्र स्थिर? ही उष्णता. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो आणि तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. घराशेजारी यंत्रमाग असतील तर सुताची तूस हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांवर, नमद्यासारखी बसते. मशीन बंद करून ब्लोअर मारा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

५. एवढं करूनही खेळताना मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क १०० टक्के दिसत असेल, तर रॅम खुशाल घ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर १६ च्या एका स्टिकपेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या. मदरबोर्डवर चार खाचा असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी वापरायची; मॅन्युअलमध्ये बघून घ्या. दुकानात जाताना जुनी स्टिक सोबत न्या, डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही.