पिकअपमध्ये घरच्यासारखा सॉकेट? या चुका टाळा

मार्गशीर्षातली भरीत पार्टी. अमळनेरजवळचं शिवार, तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायला टाकलेली आणि उजेडाला माझ्या पिकअपच्या सॉकेटवर ५०० वॉटचा हॅलोजन. इंजिन बंद, उगाच डिझेल कशाला जाळायचं? पाऊण तासात इन्व्हर्टर (बॅटरीची वीज घरच्यासारखी करणारा डबा) टीं-टीं करायला लागला. "गाडी चालू ठेव ना भो!" कुणीतरी ओरडलं, तोवर अंधार. चावी फिरवली तर नुसतं टक्. जुनी गाडी म्हणून ढकलून तरी चालू झाली. ढकलणारे सहाही जण पोटभर जेवलेले होते, त्यामुळे मला काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहिता येणार नाही.

सॉकेट घरच्यासारखा दिसतो, पण त्याच्यामागे १२ व्होल्टची एकच बॅटरी असते. हिशेब सोपा आहे. वॉटला १० ने भागा, म्हणजे बॅटरीतून साधारण किती अँपिअर जाणार ते कळतं. इन्व्हर्टरचा तोटा त्यात धरलेला आहे. ५०० वॉट म्हणजे ५० अँपिअर. ८० अँपिअर-तासाची बॅटरी निम्मीच वापरायची, तर तासही निघत नाही. इन्व्हर्टर बंद होतो १०.५ व्होल्टच्या आसपास. तोवर स्टार्टरसाठी काही शिल्लक नसतं. आता मी १०० वॉटचा एलईडी लावतो. उजेड जवळपास तेवढाच, ओढ १० अँपिअरची. मोठं काही चालवायचं तर इंजिन चालू ठेवतो. तरी गाडी उभी ठेवून नुसतं इंजिन चालू असलं, तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) पूर्ण करंट देत नाही, हे ध्यानात असू द्या.

परदेशी व्हिडिओ बघून फसू नका. फोर्डच्या एफ-१५० हायब्रिडमध्ये २०२१ पासून ७.२ किलोवॉटपर्यंतची सोय मिळते, पण त्यामागे हायब्रिडची वेगळी मोठी बॅटरी आहे. आपल्याकडे बाजारातून आणून बसवलेला इन्व्हर्टर असतो.

तो सिगारेट लायटरच्या भोकात खुपसणं ही दुसरी चूक. तिथला फ्यूज बहुतेक १० ते १५ अँपिअरचा, म्हणजे १५० वॉटच्या आतबाहेर. मोबाइल, लॅपटॉप ठीक. फ्यूज उडतो म्हणून तिथे जाड तार गुंडाळणारे महाभाग मी पाहिलेत. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. मोठ्या इन्व्हर्टरला थेट बॅटरीपासून जाड, आखूड केबल आणि बॅटरीलगत फ्यूज हवा.

पाण्याच्या मोटरचं प्रकरण वेगळंच. पाटीवर १ एचपी म्हणजे ७४६ वॉट दिसतं, पण मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. १००० वॉटचा इन्व्हर्टर तिथेच बंद पडतो. स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सुरळीत लहर) देत नाहीत, त्यावर मोटर घूं-घूं करते आणि तापते. मिक्सरचंही तेच. (तसंही भरीत लाकडी बडगीतच ठेचायचं असतं.)

सर्वांत वाईट चूक म्हणजे दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून घराच्या बोर्डात वीज सोडणं. मेन स्विच चालू राहिला तर वीज उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मर तिला हजारो व्होल्टवर चढवू शकतो आणि खांबावर वायरमन असतो. शिवाय लाइट आले की तुमचा इन्व्हर्टर फुकला. उपकरण थेट गाडीच्या सॉकेटलाच जोडा.

एक्स्टेंशनची वायर गुंडाळी सोडवून पूर्ण पसरा. मे महिन्यात ४५ अंशांत सीटखालच्या इन्व्हर्टरवर गोणपाट टाकू नका. चालू गाडी कडब्याजवळ किंवा बंद शेडमध्ये उभी करू नका. सायलेन्सरने कडबा पेटतो आणि धुराने माणूस मरतो.

सॉकेट बंद पडला तर आधी लोड काढा, इन्व्हर्टर बंद करून पुन्हा चालू करा, मग फ्यूज बघा. तरीही लोड दिला की बंद पडत असेल तर मल्टिमीटर काढा. गावातल्या एका गाडीत लोड चालू असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि इन्व्हर्टरच्या टोकाला १०.८ येत होते. इन्व्हर्टर बदलायची तयारी झाली होती. दोष निघाला चेसिसच्या अर्थिंग बोल्टखाली, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या सांगाड्याला जोडतात तिथे: रंग न खरवडताच नट आवळलेला. पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासलं, नट पुन्हा आवळला आणि मीटर १२.१ वर गेला.