बहुभाषिक मंडळीत उपासनेचे गायन कसे चालवावे

पुण्या-मुंबईतील काही ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एकाच बाकावर मराठी, तमिळ, पंजाबी आणि मिझो कुटुंबे बसतात. अशा ठिकाणी गायन चालवणाऱ्याने गीते निवडण्याआधी घरोघरी जाऊन विचारावे, की घरातली प्रार्थना कोणत्या भाषेत होते आणि दुःखाच्या वेळी कोणते गीत ओठांवर येते. ही उत्तरे वहीत टिपून ठेवावीत आणि गायकवृंदाला काय येते यापेक्षा त्या वहीवरून गीतांची यादी करावी.

एका उपासनेत दोन, फार तर तीन भाषा पुरेत. प्रत्येक भाषेचे एकेक कडवे घेतले की सर्वांची नोंद होते, पण मनापासून कोणालाच गाता येत नाही. त्यापेक्षा एक गीत पूर्ण घ्यावे आणि तेच सलग चार रविवार ठेवावे.

नवे गीत ध्रुपदापासून शिकवावे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती भक्ती अभंगांत आणि भजनांत आणली, त्यामुळे पुढच्याने ओळ म्हणायची व मागच्यांनी ती झेलायची ही रीत मराठी मंडळीच्या अंगवळणी आहे. तंजावरचे ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) यांच्या परंपरेतील तमिळ कीर्तनांतही पल्लवी पुन्हापुन्हा येते, आणि पल्लवी म्हणजे आपले ध्रुपदच. म्हणून पल्लवी सर्वांनी गावी, चरणे तमिळ भाषकांनी गावीत आणि गायनही शक्यतो त्यांच्यापैकीच कोणीतरी चालवावे.

शब्द देवनागरीत लिहून द्यावेत, पण केवळ कागदावर विसंबू नये. तमिळमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, ‘ओ’ वेगळे असतात व आपल्या नेहमीच्या लेखनात तो भेद दिसत नाही. ‘क’ आणि ‘ग’ यांना तर तिथे एकच अक्षर आहे. उच्चार त्या भाषेच्या माणसाच्या तोंडूनच ऐकावेत. प्रत्येक ओळीखाली मराठी अर्थही द्यावा, कारण अर्थ न सांगता गाऊन घेणे मला योग्य वाटत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात पौल आत्म्याने आणि बुद्धीनेही गाण्याविषयी बोलतो.

पट्टी मंडळीच्या गळ्याला बेतावी. सर्वांत उंच स्वर पेटीच्या तार सप्तकातल्या पांढरी दोनच्या (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या) वर जाऊ लागला, की मागच्या बाकांवरचे लोक गप्प होतात.

वाद्ये गीतानुसार बदलावीत. अभंगाला पेटी आणि तबला शोभतो. मिझो बंधुभगिनी मात्र खुआंग या ढोलाच्या ठेक्यावर, बऱ्याचदा अनेक स्वरभागांत (एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत) गातात, तेव्हा की-बोर्ड थांबवावा आणि त्यांचे आवाज मोकळे ऐकू द्यावेत.

उपासना संपल्यावर, ज्यांच्या भाषेतले गीत घेतले त्यांच्यापैकी एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ जाऊन उच्चार कुठे चुकले ते विचारावे आणि पुढच्या रविवारच्या सरावाची सुरुवात त्या दुरुस्तीपासून करावी.