अंगणातले पेव्हिंग ब्लॉक पहिल्याच पावसात का खचतात? या चुका टाळा

आमचं घर कोल्हापुरात रंकाळ्याच्या पलीकडं, पूर्वी उसाचं रान होतं तिथं. मे महिन्यात अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसवले आणि ऑगस्टपर्यंत गाडीच्या चाकांखाली दोन लांब चर पडले. ब्लॉक एकही फुटला नव्हता. खचली होती ती खालची माती. तेव्हापासून कुणी ‘लाल घेऊ की करडा?’ म्हणून विचारलं, की मी आधी विचारतो, खाली काय भरणार?

फुटाचा दर बघून काम देणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. दर कमी सांगणारा बहुतेक वेळा ब्लॉकमध्ये नाही, भरावात कात्री लावतो. वरची माती जरा खरवडायची, ग्रिट (खडीची बारीक कच) पसरायची आणि ब्लॉक लावून मोकळं व्हायचं. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीवर हे चालतच नाही. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं सगळं हलवते.

काळी माती असेल तर गाडी जिथं उभी राहते तिथं निदान फूटभर खोदून घ्या. मुरूम एकदम ओतू नका. सहा-सहा इंचांचा थर, थोडं पाणी आणि रोलर. त्यावर खडीचा थर दाबून मग फक्त इंच-दीड इंच ग्रिट. लेव्हल चुकली म्हणून तीन-चार इंच ग्रिट टाकतात, तिथंच पुढं खड्डा पडतो. माळावरच्या घरांना मुरूम वरच लागतो, त्यांना एवढं खोल जावं लागत नाही.

हिशेब स्वतः करा. ३० बाय २० फुटांच्या अंगणात सहा इंच दबलेला मुरूम म्हणजे ३०० घनफूट, तीन ब्रास. सुटा मुरूम दबल्यावर बसतो, म्हणून चारेक ब्रास यायला हवा. दारात दोनच ब्रास उतरला, तर काम तिथंच थांबवा. थरांची जाडी कोटेशनमध्ये लिहून मागा; चांगला कंत्राटदार यावर रागावत नाही.

ब्लॉक नुसता दिसण्यावर घेणं

आयएस १५६५८ या भारतीय मानकात नुसत्या पायवाटेला ५० मिमी जाडीचा एम-३० ब्लॉक (‘एम’पुढचा आकडा जितका मोठा, तितका ब्लॉक मजबूत), हलक्या वाहनांना ६० मिमीचा एम-३५ आणि मध्यम वाहतुकीला ८० मिमीचा एम-४० सांगितला आहे. घरच्या कारला ६० मिमी पुरतो. पाण्याचा टँकर किंवा ट्रॉली आत येत असेल, तर ८० मिमीच घ्या. रबर मोल्डचे चकचकीत ब्लॉक दुकानात छान दिसतात, पण ओले झाले की घसरतात. घरात म्हातारी माणसं असतील तर मशीनवर दाबलेला खरखरीत ब्लॉक बरा.

कडा आणि उतार विसरणं

कडेला काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला कर्ब, म्हणजे ब्लॉकना धरून ठेवणारा काठ, नसेल, तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात, सांधे उघडतात आणि त्यातून पाणी थेट खाली जातं. उतार दहा फुटांना दोन-अडीच इंच हवा, तोही घराच्या भिंतीपासून बाहेर. ब्लॉकची पातळी जोत्याच्या कडेपेक्षा सहा इंच तरी खाली ठेवा, नाहीतर भिंतीला ओल धरते. सांध्यांत कोरडी बारीक वाळू भरा. सिमेंटचं पाणी ओतलं तर ते तडकतं, आणि पुढं ब्लॉक अख्खा निघत नाही. नारळा-आंब्याभोवती आळं मोकळं सोडा. मुळं ब्लॉक उचलतातच, आणि झाडालाही पाणी हवं.

आता बिघडलंच असेल तर

नव्या ब्लॉकवर पांढरा क्षार फुटला तर घाबरू नका. तो सहसा पावसापाण्यानं आपोआप कमी होतो. शेवाळ धरत असेल तर आधी पाणी कुठं साठतं ते शोधा. नुसतं घासून ते परत येतं.

चर पडला असेल तर वरून वाळू टाकून लेव्हल करू नका. चरापासून हातभर बाहेरपर्यंत ब्लॉक उचला, ओली चिकट माती पूर्ण काढा, मुरूम थराथरानं धुमसून घ्या, ग्रिट टाका आणि तेच ब्लॉक परत लावा. दाबण्याआधी ते शेजारच्यांपेक्षा थोडे वर ठेवायचे, प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत दाबणारं मशीन) फिरला की बरोबर बसतात. हे काम भर पावसात करू नका, चिखल दबत नाही. आम्ही दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर केलं. नवा ब्लॉक एकही आणावा लागला नाही.

नवं काम देताना एवढं करा: त्या कंत्राटदारानं दोन पावसाळ्यांपूर्वी केलेलं एखादं अंगण पाऊस चालू असताना बघून या, आणि बिलाचा शेवटचा हप्ता पहिला पावसाळा सरल्यावर देण्याचं आधीच ठरवून घ्या.