मायक्रोआरएनए टाकून हाड बनवताय? आधी या चुका टाळा

२०२४ चं नोबेल अँब्रोस आणि रव्हकुनला मायक्रोआरएनएसाठी मिळालं तेव्हापासून प्रोजेक्टला येणारी अर्धी पोरं हेच मागतात, आणि डोक्यात पक्कं करून येतात की स्टेम सेलवर अमुक मायक्रोआरएनए टाकला की एकवीस दिवसांत हाड तयार. अरे बाबांनो, तो आरएनएचा साधारण २२ बेसचा तुकडा आहे, तो स्वतः काही बांधत नाही. एमआरएनएला, म्हणजे प्रोटीन बनवायच्या निरोपाला, जाऊन चिकटतो आणि त्याचं प्रोटीन कमी करतो, एवढंच त्याचं काम. मिर-१३३ आणि मिर-२०४ (मिर म्हणजे मायक्रोआरएनए) हाडाची सुरुवात करून देणाऱ्या रनक्स-२ लाच दाबतात म्हणून हाड अडतं. मिर-२९बी हाड अडवणाऱ्या एचडॅक-४ ला दाबतो म्हणून हाड पुढे सरकतं. तेव्हा पहिला प्रश्न ‘कुठला मायक्रोआरएनए’ हा नाही, ‘तो कोणाला दाबतोय’ हा आहे.

आता ज्या चुकीने माझं डोकं सगळ्यात जास्त उठतं ती. लाल रंग दिसला म्हणजे हाड झालं!

एका लॅबमधली गोष्ट, लॅबचं नाव घेत नाही. गणेश चवथीच्या आधी एका मुलीने मिमिक (मायक्रोआरएनएची कृत्रिम नक्कल) टाकला, १०० नॅनोमोलर, का तर जास्त टाकला की लवकर दिसेल, तो सेलमध्ये घुसवणारं ट्रान्सफेक्शनचं रिएजंटपण त्याच हिशोबाने ओतलेलं. वर ऑस्टिओजेनिक (हाडाकडे नेणारं) मीडियम घालून बाय गेली डिचोलीला, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला. मीडियम बदलायला लॅबमध्ये कोण नाही. परत आल्यावर काही दिवसांनी अ‍ॅलिझरिन रेड हा रंग टाकला तर वेल (प्लेटमधला खळगा) लालभडक, फोटो लगेच ग्रुपवर, सगळ्यांचे अंगठे. मी विचारलं एएलपी (हाडाकडे वळलेल्या सेल्सचं एन्झाइम) केलंस? नाही. रनक्स-२ बघितलं? नाही. स्क्रॅम्बल कंट्रोलचा, म्हणजे निरर्थक क्रमाचा मिमिक टाकलेल्या वेलचा फोटो? तो काढलाच नव्हता, प्लेट मात्र नशिबाने टाकून दिली नव्हती. मायक्रोस्कोपखाली घेतली तर स्क्रॅम्बलची वेलपण तेवढीच लाल, आणि दोन्हीकडे सेल्स आहेत कुठे, नुसता ढिगारा. सेल्स कधीच मेले होते. मेलेल्या सेल्सच्या कचऱ्यावर कॅल्शियम फॉस्फेट आपोआप जमतं, मीडियममध्ये फॉस्फेट देणारं बीटा-ग्लिसरोफॉस्फेट असतंच, आणि अ‍ॅलिझरिनला फक्त कॅल्शियम कळतं, ते हाडाचं की मढ्याचं हे त्याला काय माहीत.

म्हणून माझी सवय सांगते, पद्धत वगैरे म्हणू नका. मिमिक १० नॅनोमोलरपासून सुरू करायचा, ५० च्या वर सहसा जायचंच नाही, कारण जास्त ओतलात की सेलची आर्गोनॉटची (मायक्रोआरएनए धरून काम करणाऱ्या प्रोटीनची) यंत्रणा त्यातच अडकते आणि सेलचे स्वतःचे मायक्रोआरएनए बाजूला पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी सेल्स बघायचे, गोल होऊन सुटलेले दिसले तर ती प्लेट तिथेच संपली, पुढे ओढायची नाही. सातव्या दिवसाच्या आसपास एएलपी, सुरुवातीला रनक्स-२, शेवटाकडे पक्क्या हाडाची खूण असलेलं ऑस्टिओकॅल्सिन, आणि मग कुठे अ‍ॅलिझरिन, त्याचा पीएच ४.२ च्या आसपास आहे ना ते मीटरवर बघून, बाटलीवर लिहिलंय म्हणून नाही. फिक्स केल्यानंतर धुवायला फॉस्फेट बफर नको, साधं डिस्टिल्ड पाणी. आणि एक वेल सेल्सशिवाय ठेवायची, फक्त मीडियमची. या एका वेलचा सगळ्यांना भारी कंटाळा, पण तीच लाल झाली तर बाकी प्लेटवर चर्चाच करायची गरज नाही.

दुसरी लाडकी चूक म्हणजे पेपरमध्ये ‘हाड वाढवतो’ वाचलं की तोच आपल्या सेल्सवर टाकायचा. मिर-२६ए घ्या. चरबीतून काढलेल्या स्टेम सेल्समध्ये तो हाडाचा सिग्नल पुढे नेणारा स्मॅड-१ दाबतो आणि हाड मागे पडतं, बोनमॅरोच्या सेल्समध्ये तोच जीएसके-३ बीटा दाबतो, त्याने अडवलेला डब्ल्यूएनटीचा सिग्नल सुटतो आणि हाड वाढतं. मायक्रोआरएनए तोच, सेल बदलला, उत्तर उलटं! आणि वेळेचंपण बघा, मिर-२९बी कोलाजनच्या एमआरएनएलासुद्धा दाबतो, त्यामुळे तो कोणत्या टप्प्यावर वाढला याला महत्त्व आहे. तेव्हा आधी आपल्याच सेल्समध्ये काही दिवसांच्या अंतराने तो मायक्रोआरएनए किती आहे ते मोजा. मुळातच नसेल तर इन्हिबिटर (मायक्रोआरएनए अडवणारा तुकडा) कोणाला अडवणार? पैसे पाण्यात.

बाकीच्या पटापट.

नावात ५पी की ३पी (एकाच मूळ आरएनएच्या दोन बाजू) ते न बघता ऑर्डर करू नका, दोन्ही वेगळे आहेत, टार्गेटपण वेगळे.

साध्या आरएनए कॉलममधून छोटे आरएनए निसटतात, स्मॉल आरएनएवालं किट घ्या. सेल्स थोडे असतील तर ट्रायझॉलमध्येसुद्धा कमी जीसीचे (जी आणि सी बेस कमी असलेले) काही मायक्रोआरएनए हरवतात, मग तुम्ही म्हणणार एक्स्प्रेशन कमी झालं.

फक्त यू-६ या संदर्भाच्या आरएनएवर नॉर्मलाइझ करून मोकळे होऊ नका, डिफरन्शिएशनमध्ये तो स्थिर राहीलच असं नाही.

मीडियममधल्या एक्सोसोममधले (सेलने बाहेर सोडलेल्या बारीक पिशव्यांमधले) मायक्रोआरएनए मोजताय आणि सीरम गाईचं? गाईचे बरेचसे मायक्रोआरएनए माणसासारखेच असतात, तुम्ही गाय मोजताय.

सहाव्या-सातव्या पॅसेजच्या (तितक्यांदा नव्या प्लेटवर वाढवलेल्या) दमलेल्या सेल्सकडून हाड मागू नका.

मिमिक टाकल्यावर क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजायची चाचणी) हजारपट वाढ दिसली म्हणून पेढे वाटायचे नाहीत, त्यातला बराच माल लायसोसोममध्ये (सेलच्या कचरापेटीत) नुसता पडून असतो. टार्गेटचं प्रोटीन वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीनची चाचणी) कमी झालं का ते दाखवा, आणि लुसिफरेज (टार्गेट तपासायची प्रकाशाची चाचणी) करताना सीड साइट (मायक्रोआरएनए चिकटायची जागा) बदललेला प्लाझ्मिडपण ठेवा.

पावसात इन्क्यूबेटरच्या ट्रेमधलं पाणी बदला हो, इकडच्या दमट हवेत बुरशीला आमंत्रण लागत नाही. आणि चवथ, दिवाळीच्या लाँग वीकेंडला लागून ड्राय आइसचं पार्सल मागवू नका, आपल्याकडे येईपर्यंत बॉक्समध्ये नुसती हवा उरते.

प्राण्यांवर जायची घाई तर सगळ्यांनाच. २०११ मध्ये माणसाच्या स्टेम सेल्समध्ये मिर-१३८ अडवून ते उंदरात बसवले तेव्हा हाड सुमारे ६०% वाढलं, हे सगळ्यांना पाठ असतं, पण तिथे सेल्सवर आधी प्रक्रिया करून मग ते बसवले होते हे कोणी वाचत नाही. उघडा मिमिक तुटलेल्या हाडात टोचलात तर आरएनए तोडणारे न्यूक्लिएज त्याचा फडशा पाडतात. त्याला वाहून न्यायला काहीतरी लागतं, नॅनोपार्टिकल, स्कॅफोल्ड (आधाराचा सांगाडा), नाहीतर मग सेल्सच, आणि ते काय वापरणार हे ठरल्याशिवाय एथिक्स कमिटीचा फॉर्म भरायला बसू नका.