पिनकोडची कुंडली कशी मांडावी

मोठी संख्या दिसली की तिचे अवयव पाडून बघायची खोड असेल, तर घरच्या पत्त्यापासून सुरुवात करा. मी कोल्हापुरातल्या शाहूपुरीचा पिनकोड घेतलाय: ४१६००१. कागद, पेन आणि तीसपर्यंतचे पाढे एवढ्यावर भागतं.

आधी सोप्या कसोट्या. शेवटी १ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ नं भाग जातो, ९ नं नाही.

आता ७, ११ आणि १३. यांचे तीन वेगळे भागाकार करत बसू नका. ७ × ११ × १३ = १००१, त्यामुळे सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे पाडून वजाबाकी करायची: ४१६ − १ = ४१५. या ४१५ ला तिघांपैकी ज्यानं भाग जाईल, त्यानंच पिनकोडलाही जातो. इथं एकानंही जात नाही. एका वजाबाकीत तिघंही घरी!

३ नं भागल्यावर उरतात १३८६६७. १७ आणि १९ नं जमत नाही. २३ पाशी मात्र जरा थांबा. १३८ म्हणजे तेवीस सक, आणि ६६७ म्हणजे तेवीस एकोणतीस. भागाकार न मांडताच उत्तर हातात: ६०२९.

ही मूळ संख्या आहे का? ७८ चा वर्ग ६०८४ होतो, म्हणजे ७७ च्या पुढं जायचं कारण नाही. २३ ते ७३ मधल्या मूळ संख्या, म्हणजे तेरा भागाकार. कंटाळा येतो, पण यात चालढकल नको. ४१ नं मला उगाच आशा लावली. ६०२७ पर्यंत गेला आणि २ उरले. मूळच निघाली.

तर ४१६००१ = ३ × २३ × ६०२९. तीन वेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. अशा संख्येला स्फेनिक म्हणतात. प्रत्येक अवयव जितक्या वेळा येतो त्यात १ मिळवून गुणा: २ × २ × २ = ८ विभाजक. त्यांची बेरीज ४ × २४ × ६०३० = ५७८८८०. त्यातून संख्या स्वतः वगळली की १६२८७९, म्हणजे पिनकोडपेक्षा कमी. ही 'न्यून' संख्या. नेमकी तेवढीच भरली असती तर ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण ठरली असती.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद' नाव दिलं. आपली बेरीज १२ सम, पिनकोड विषम. तिथंही पाटी कोरी.

आता सांगलीचा ४१६४१६ घ्या. वजाबाकी शून्य, म्हणजे ७, ११, १३ तिघंही आत. २ पाच वेळा, १३ दोन वेळा, ७ आणि ११ एकेकदा; ६ × ३ × २ × २ = ७२ विभाजक. स्वतःला वगळून त्यांची बेरीज ६९०३६८, पिनकोडपेक्षा जास्त, म्हणून 'विपुल'. अंकांची बेरीज २२, तिनंही नि:शेष भाग जातो, म्हणजे वर हर्षद पण! आमचे मेहुणे सांगलीचे. त्यांना हा कागद अजून दाखवलेला नाही.