पोरांना वाचनाची सवय लावायचीय? आधी कपाटाचं कुलूप काढा

वाचता येणं वेगळं आणि वाचावंसं वाटणं वेगळं. बाराखडी, जोडाक्षरं, उतारे हे आपण शिकवतोच, पण दुसऱ्या गोष्टीसाठी वेगळं काहीतरी करावं लागतं, आणि माझ्या मते त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठलं पुस्तक वाचायचं हे पोरानं ठरवायचं, आपण नाही. मी सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवते, तिथं जे चालतं ते सांगते, घरीसुद्धा यातलं बरंच करता येतं.

आधी पुस्तकं दिसली पाहिजेत. बऱ्याच शाळांत पुस्तकं असतात पण कपाटात, फाटतील हरवतील म्हणून कुलूप लावून. काढा ते कुलूप. पोरांच्या हाताला येईल अशा उंचीवर दोन खिळ्यांना सुतळी बांधा आणि पुस्तकं मधोमध उघडून तिच्यावर टाका, म्हणजे मुखपृष्ठ समोर येतं. कपाटात नुसती कड दिसते आणि लहान मुलांची पुस्तकं एवढी पातळ असतात की कडेवर नाव पण नसतं, मग पोरगं निवडणार कसं? दर सोमवारी थोडी पुस्तकं बदला. फाटली तर फाटू देत, एका डब्यात चिकटपट्टी आणि कात्री ठेवा आणि दुरुस्ती चौथीच्या पोरांकडे द्या, लय आवडीनं करतात.

निवडायचं कसं हे मात्र शिकवावं लागतं. पुस्तक मधेच कुठंतरी उघडायचं, ते पान वाचायचं आणि जो शब्द अडला त्याला एक बोट मिटायचं. दोन-तीन बोटं मिटली तर पुस्तक बरोबर, पाची मिटली तर सध्या जड आहे, कुणाबरोबर तरी मिळून वाचायचं. एकही मिटलं नाही तरी वाचू द्या हो, सोप्या पुस्तकानं काही बिघडत नाही, उलट स्पीड येतो. तेच पुस्तक दहाव्यांदा घेतलं तरी घेऊ द्या. आणि आवडलं नाही तर अर्धवट सोडायची परवानगी हवीच, आपण मोठी माणसं नाही का सोडत?

आवडीचा विषय शोधा. एक पोरगा गोष्टीच्या पुस्तकाला हात लावत नव्हता, पण बेंदराच्या दिवसांत पेपरात सजवलेल्या बैलजोडीचा फोटो आला तर त्याखालची बातमी एकेका अक्षरावर बोट ठेवून त्यानं पूर्ण वाचली, "मिरवणूक"वर दोनदा थांबला पण सोडली नाही. मग त्याला जनावरांची पुस्तकं दिली. ट्रॅक्टर, क्रिकेट, कोडी, विनोद, सगळं वाचनच आहे.

वेळ ठरलेली पाहिजे. आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीनंतर वीस मिनिटं, पहिलीला दहा पुरेत. त्या वेळात बाईंनी किंवा सरांनी पण स्वतःचं पुस्तक वाचायचं, वह्या तपासायच्या नाहीत, फोन तर नाहीच. पहिली-दुसरीची पोरं पुटपुटत वाचतात, त्यांना गप्प करू नका, मनातल्या मनात वाचणं हळूहळू जमतं.

आणि वाचून झाल्यावर तात्पर्य काय, पात्रं किती, असले प्रश्न विचारू नका. प्रश्न येणार म्हटलं की पोरगं पुस्तकच घेत नाही. जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस पण नको, मग सगळी पातळ पुस्तकं शोधतात आणि पानं उलटून मोकळी होतात. त्यापेक्षा तुम्ही काय वाचताय ते सांगा, मग पोरं आपणहून बोलतात.

घरी आई-बाबांना वाचता येत नसेल तरी अडत नाही. पोरानं आजीला वाचून दाखवायचं, आजीनं ऐकायचं आणि "पुढं काय झालं रं?" एवढंच म्हणायचं. ज्यांना येतं त्यांनी रात्री झोपताना वाचून दाखवा, पोर स्वतः वाचायला लागलं म्हणून बंद करू नका, कारण त्याला जे वाचायला जड जातं ते ऐकून समजत असतं. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली पोरं वर्गात असतील तर त्यांना पुस्तक कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, न्यायला द्या, परत येईल का म्हणून अडवू नका.

पुस्तकं कमी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, वाचनाच्या चार लेव्हल केलेल्या. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक पण ऑनलाइन फुकट आहेत, मोबाईलवर नुसते देऊ नका, प्रिंट काढा नाहीतर शेजारी बसून वाचा. सहल काढायची तर पाचगणी-महाबळेश्वर रोडजवळचं भिलार आहेच, २०१७ मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं, गावातल्या घरांत आणि देवळात विषयवार पुस्तकं ठेवलीत, कुणीही बसून वाचावं. तिथं पोरांना रांगेत फिरवू नका, एका घरात निवांत बसू द्या.

शेवटचं काम चौथीच्या एप्रिल महिन्यातलं. पाचवीला बरीच पोरं दुसऱ्या शाळेत जातात आणि वाचन तिथंच तुटतं. म्हणून सुट्टी लागायच्या आधी जवळच्या वाचनालयात पोराच्या नावावर सभासदत्व काढा, फॉर्म त्यालाच भरू द्या, आणि पहिलं पुस्तक निवडताना तुम्ही दाराजवळच थांबा.