जुनी स्पोर्ट्‌स कार्डं आणि क्रिकेटच्या वस्तू: लिलावघर निवडताना या चुका टाळा

हेरिटेज या अमेरिकी लिलावघराने २०२२ मध्ये बेसबॉलपटू मिकी मँटलचं टॉप्स कंपनीचं १९५२चं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं, मग आपलंही तिथेच द्यावं, असा हिशेब बरेच जण करतात. त्या कार्डाला एसजीसी या कार्ड तपासणाऱ्या कंपनीचा ९.५ ग्रेड (१० पैकी स्थितीचा गुण) होता. कोपरे झिजलेल्या कार्डाचा त्या आकड्याशी काडीचाही संबंध नाही. तुमच्याच कार्डाच्या, तुमच्याच ग्रेडच्या अलीकडच्या विक्री प्रत्येक घराकडे किती आणि कितीला झाल्या, एवढंच बघा.

त्या बघतानाही गफलत होते. १९४७-४८च्या भारताविरुद्धच्या मालिकेतली (हजारेंनी ॲडलेडला दोन्ही डावांत शतकं ठोकली, तीच) ब्रॅडमनची बॅगी ग्रीन (ऑस्ट्रेलियाची कसोटी टोपी) डिसेंबर २०२४ मध्ये सिडनीत बॉनहॅम्स या लिलावघराने विकली. हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली लागली, ३,९०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरला; घराचं वरचं शुल्क (प्रीमियम) धरून घेणाऱ्याला पडली ४,७९,७०० ला. दोन्ही आकडे खरे, दोन्ही बातम्यांत आले. एका घराचा पहिला आणि दुसऱ्याचा दुसरा धरलात की तुलना गेलीच. बोली लावतानाही तेच: प्रीमियम २० टक्के आणि बजेट ६,००० डॉलर असेल तर ५,००० ला थांबायचं. वस्तू भारतात आणायची तर कुरिअर, विमा आणि कस्टम ड्युटी आणखी वेगळी.

विकणाऱ्यांना ‘शून्य कमिशन’ची भुरळ पडते. माल भारी असेल तर काही घरं आपल्या प्रीमियममधला वाटाही देतात, म्हणजे हातोड्याच्या किमतीपेक्षा जास्त रक्कम हाती येते. मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही, तेव्हा मागा. फोटो, विमा, ग्रेडिंग, न विकलेल्या वस्तूची परतपाठवणी यांचा खर्च कोणाकडे आणि पैसे किती दिवसांत, हे लेखी घ्या.

शेवटच्या मिनिटाला झडप घालू म्हणणारे इथे फसतात. बऱ्याच अमेरिकी घरांत ठरावीक वेळेनंतर वाढीव बोली सुरू होते आणि त्या लॉटवर (लिलावातल्या त्या वस्तूवर) आधी बोली लावलेल्यांनाच त्यात प्रवेश असतो. छोटी का होईना, एक बोली आधी टाकून ठेवा.

सगळ्यात महागात पडते ती नावावर विसंबण्याची सवय. बिल मॅस्ट्रो हे या धंद्यातलं सर्वांत वजनदार नाव होतं. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं टी२०६ या मालिकेतलं प्रसिद्ध कार्ड, ज्याला पीएसए या ग्रेड देणाऱ्या कंपनीने १९९१ मध्ये ८ ग्रेड दिला, त्याच्या कडा नीटस दिसाव्यात म्हणून आपणच कापल्या होत्या, हे त्यांनी २०१३ मध्ये शिकागोच्या कोर्टात कबूल केलं. स्वतःच्या लिलावांत खोट्या बोली लावून भाव चढवल्याचंही कबूल केलं. २०१५ मध्ये २० महिन्यांची शिक्षा झाली. म्हणून अटी वाचताना एक कलम आधी शोधा: घराला, मालकांना किंवा कर्मचाऱ्यांना स्वतःच्या लिलावात बोली लावता येते का? काही ठिकाणी येते, आणि तसं लिहिलेलंही असतं. मालकीही तपासा. पीएसए आणि गोल्डिन हे लिलावघर २०२१ ते २०२४ एकाच मालकाकडे होते. मग गोल्डिन ईबेने घेतलं. एसजीसीही २०२४ पासून पीएसएच्याच मालकाकडे आहे, त्यामुळे त्या दोघांचे दाखले म्हणजे दोन स्वतंत्र मतं, असं मी तरी धरत नाही.

कार्ड हाती आल्यावर शंका आली तर स्लॅब (ग्रेड दिलेल्या कार्डाची सीलबंद प्लास्टिकची डबी) फोडून बघू नका, ग्रेडची हमी तिथेच संपते. चारही कडांचे फोटो काढा आणि अटींतल्या मुदतीत घराला लेखी कळवा.